मीरा कुठे असते?

लालबाग, १४ जानेवारी २०२४

वहिनी,

पाकिटावर तुमच्या नावाआधी काय लिहावं ते सुचेना. सौ. लिहावं तर तुम्हाला राग येईल, श्रीमती लिहावं तर दादा जिवंत आहे. शेवटी नुसतं मीरा पेडणेकर, कणकवली, असं लिहिलं.

दर दिवाळीला फोन करतो तेव्हा तुम्ही माझी विचारपूस करता, लेकीचं, रुचाचं सांगता, आणि मी दादाचं नाव काढलं की म्हणता, "बरं भावजी, ठेवते." म्हणून हे पत्र. फाडून टाकायच्या आधी निदान डोळ्यांखालून जाईल.

दादाला विसरायचा आजार झालाय. सुरुवात आहे म्हणतात. हिंदमातेच्या साड्यांच्या दुकानातलं काम सुटलं. ऐन लग्नसराईत एका बाईंना तो एकच हिरवा शालू पुन्हा पुन्हा उलगडून दाखवत होता, दर वेळी "हा बघा, आत्ताच आलाय" म्हणत. त्या आधी हसल्या, मग उठून गेल्या. चिंतामणशेठनी मला बोलावून घेतलं आणि हात जोडले. एवढी वर्षं गल्ल्यावर बसणारा माणूस, पण डोळ्यांत पाणी होतं. गिऱ्हाईक दारात दिसलं की गेल्या खेपेला तिने काय नेलं ते दादाला आठवायचं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला डॉक्टरांनी कंगवा दाखवला. "केसांचं ते... केसांचं" म्हणत राहिला आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला असं ओशाळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आता परळला एका केंद्रात नेतो. तिथे टॅबलेटवर मेंदूचे व्यायाम करून घेतात. पत्त्यांच्या जोड्या लावायच्या, पडद्यावरच्या बाजारात जाऊन सांगितलेलं सामान घ्यायचं, असले खेळ. केझिया नावाची मुलगी शिकवते, वरळीची आहे, बोलते भराभर पण जीव लावून. "अंकल, एकदम मस्त! चला, नेक्स्ट लेव्हल!" दादा तिचं ऐकतो. टॅबलेट घरी पण दिलाय. तो मांडीवर घेऊन बसतो आणि मी बाजूला मास्तरासारखा.

त्यात एक भाग आहे, 'आपली माणसं'. घरच्यांचे फोटो आणि आवाज घालायचे. माझा घातला, शेजारच्या राधाबाईंचा घातला. केझिया म्हणाली, "बस, एवढीच माणसं?"

तुमचा आणि रुचाचा आवाज मिळेल का? नाही म्हणालात तरी चालेल.

तुमचा,
प्रफुल्ल


लालबाग, ११ फेब्रुवारी २०२४

वहिनी,

कार्ड मिळालं. "आजाराचं वाईट वाटलं. आवाज देणार नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे." माहीत आहे. परळच्या एसटीत तुमची बॅग मीच ठेवली होती आणि रुचा खिडकीतून माझ्याकडे बघत होती, हात हलवत नव्हती. तेव्हा मी तुम्हाला जा म्हणालो, आजही तेच म्हणेन.

पण मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायचं टाळलं होतं. दादा तुमची वाट बघतो.

दुपारचं जेवण झालं की गॅलरीत खुर्ची टाकून बसतो आणि विचारतो, "मीरा अजून येवक नाय? खंय गेली?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या हातातली पळी पडली. मी म्हटलं, "दादा, ती गेली. कधीच गेली." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं हा आता खाली कोसळणार. मग थोड्या वेळाने परत तोच प्रश्न. केझिया म्हणते वाद घालायचा नाही, विषय बदलायचा. म्हणून आता मी सांगतो, बाजारात गेलीय. तो मान डोलावतो. "पापलेट गावला तर बरा," म्हणतो.

तो फार मऊ झालाय, वहिनी. बांगड्याचे काटे काढून माझ्या ताटात ठेवतो. राधाबाईंचा गुडघा कसा आहे ते विचारतो. हाच माणूस दिवसभर दुकानात जिभेवर साखर ठेवायचा आणि घरी आला की चाळीतले लोक आपापली दारं लोटून घ्यायचे. ते सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलंय. तुम्ही गेलात ते, आणि का गेलात ते.

मला त्याचा राग येतो. खरं सांगतो. आजारी माणसावर रागावू नये, पण येतो. सगळं ओझं तुमच्या आणि रुचाच्या डोक्यावर ठेवून हा मोकळा झाला आणि आता गॅलरीत बसून बायकोची वाट बघतोय.

प्रफुल्ल


लालबाग, २८ एप्रिल २०२४

वहिनी,

पडद्यावरच्या बाजारात दादा आता चुकत नाही. नारळ, कोथिंबीर, साबण, मेणबत्ती, जे सांगतील ते टोपलीत टाकतो आणि शेवटी रंगीत कागदांचा पाऊस पडतो. केझियाने टाळ्या वाजवल्या. मलाही आनंद झाला, लपवत नाही. वाटलं, येतोय माणूस परत.

म्हणून त्याला खऱ्या बाजारात नेलं. मसाल्याच्या गल्लीत मी मिरच्या निवडत होतो, वळून बघतो तर हा नाही. मिरच्यांनी आधीच डोळे चुरचुरत होते, त्यात हे. सगळी गल्ली धुंडाळली. चिवड्याच्या दुकानांत, फुलवाल्यांकडे, पुलाखाली. पोलीस चौकीत पण जाऊन आलो. मग चिंतामणशेठचा फोन आला.

दादा हिंदमातेला पोचला होता, उन्हातून चालत. दुकानात शिरला, चपला काढल्या आणि गादीवर बसून एका बाईंना साड्या दाखवायला लागला. मी गेलो तेव्हा म्हणत होता, "पदर बघा ताई, पदरावर जीव जाईल." त्या बाईंना काही वेगळं वाटलंच नव्हतं. शेठनी कोणालाच त्याला उठवू दिलं नाही.

घरी आणताना टॅक्सीत रडला. "माका घर गावला नाय, प्रफुल्ल."

केझियाला सांगितलं. ती म्हणाली, "काका, सॉरी, हे मी आधीच नीट सांगायला पाहिजे होतं. गेम जमला म्हणून बाहेरचं जमेलच असं नसतं. गेम शिकला म्हणजे तो गेम शिकला." मग म्हणाली, एखादी गोष्ट मात्र शिकवता येते. एकच प्रश्न, एकच उत्तर. थोड्या वेळाने परत विचारायचं, मग आणखी थोड्या वेळाने, असं अंतर वाढवत न्यायचं. मुरतं कधी कधी. "अंकलना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

मी म्हटलं, मीरा कुठे आहे, याचा.

"मग तेच शिकवू. खरं उत्तर. उत्तर माहीत असलं की वाट बघणं थांबेल. आंटींच्या आवाजात असेल तर पटकन बसेल."

वहिनी, एक वाक्य. शब्द तुमचे, तुम्हाला हवे ते. त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी द्या. रोज दुपारी तुम्हाला बाजारात पाठवताना आता माझी जीभ जड होते.

प्रफुल्ल


लालबाग, ७ जुलै २०२४

वहिनी,

रुचाने तुमचा आवाज पाठवला. खाली तिने लिहिलं होतं, "आईने दिला म्हणून पाठवतेय. माझा मागू नका." मागणार नाही.

"मी मीरा. मी कणकवलीला असते. मी बरी आहे."

एवढंच. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकलं. तुमचा आवाज तसाच आहे. शेवटचं वाक्य तुम्ही का घातलंत ते मला कळलं.

पहिल्या दिवशी केझियाने टॅबलेट दादासमोर धरला. तुमचा फोटो, रुचाच्या बारशातला, मी कपाटातून शोधला होता. त्याने आवाज ऐकला आणि पडद्यावर हात ठेवला, पुसल्यासारखा. "परत लाव," म्हणाला. केझियाने विचारलं, "अंकल, मीरा कुठे असते?" "कणकवलीक." थोडा वेळ पत्ते लावले, परत विचारलं. "कणकवलीक." दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं पुसलं असेल. नाही. आंघोळ करून आला आणि न विचारता म्हणाला, "मीरा कणकवलीक असता. बरी आसा."

गॅलरीतली खुर्ची आता रिकामी असते. दुपारी झोपतो. मीही झोपतो. राधाबाई म्हणाल्या, घराला स्वस्थता आली.

तुम्ही लिहिलंय की गणपतीनंतर मुंबईत काम आहे, जमलं तर एकदा येऊन जाईन. या. खरंच या. तुम्ही ज्याला सोडून गेलात तो माणूस आता इथे राहत नाही.

प्रफुल्ल


लालबाग, १ सप्टेंबर २०२४

वहिनी,

घाईत लिहितोय. तुम्ही इतक्यात येऊ नका. इथे आतापासूनच रस्ते अडवलेत, दर्शनाच्या रांगेचे बांबू आमच्या जिन्यापर्यंत आलेत. चाळीत पाहुणे आहेत. दादाला थोडी कणकणही आहे. दिवाळीनंतर बघू, थंडीत बरं पडेल.

रुचाला आशीर्वाद.

प्रफुल्ल


लालबाग, ६ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

मी खोटं लिहिलं होतं, हे तुम्हाला दारात पाऊल ठेवताच कळलं. कणकण नव्हती. जे होतं ते लिहायला हात धजला नाही, आणि तुम्ही गर्दीला कधी घाबरला नव्हता, हेही मी विसरलो.

झालं ते असं. ऑगस्टमध्ये एका सकाळी दादा टॅबलेटसमोर बसला, तुमचा आवाज लागला, आणि तो म्हणाला, "कणकवलीक? कोणाक विचारून गेली?" मला वाटलं नुसतंच विचारतोय. मग पुन्हा म्हणाला, या वेळी त्या जुन्या आवाजात. तुम्हाला ठाऊक आहे तो आवाज. मग ताट भिंतीवर गेलं.

तो शिकला होता, वहिनी. शिकवलं तेवढंच शिकला. तुम्ही इथे नाही, कणकवलीला आहात, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. का गेलात, ते आम्ही शिकवलंच नव्हतं. त्यामुळे रोज सकाळी त्याची बायको नव्याने पळून जायची आणि रोज सकाळी तो नव्याने पेटायचा. मी तुमचा आवाज काढून टाकला तरी उत्तर राहिलं. डॉक्टर म्हणतात आजारातही असं होतं, चिडचिड वाढते, आवाजाचाच दोष धरू नका. केझिया रडली. तिला काय बोलणार?

आणि त्यातच तुम्ही आलात.

तुम्ही पाहिलंत तेच पुन्हा लिहितोय, कारण त्या खोलीत आपण तिघं होतो आणि त्यातल्या एकाला ते आठवत नाही. माझंही पुढे काय सांगावं.

तुम्ही दारात "भावजी, आहात का?" म्हणालात. दादा आत होता. तोंड दिसायच्या आधी त्याने आवाज ओळखला आणि हात उगारूनच बाहेर आला. "कोणाक विचारून गेली?" मी मध्ये पडायला धावलो, पण तुम्ही हलला नाहीत. उगारलेला हात मनगटाला धरलात आणि खाली आणलात, लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा. आणि म्हणालात, "तुम्ही मला मारत होतात. रुचा दाराआड उभी राहून बघायची. म्हणून मी गेले."

त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला कळलं. त्या क्षणी सगळं कळलं, यावर मी शपथ घ्यायला तयार आहे. तो खाली बसला. "मी? तुका?" म्हणाला आणि तोंड हातांत लपवून रडला. तुम्ही खुर्चीवर बसलात, त्याच्याकडे बघत. जवळ गेला नाहीत. मला ते बरोबर वाटलं.

मी चहा टाकला. तो उकळून बाहेर आणेपर्यंत त्याचं रडणं थांबलं होतं. त्याने कप घेतला, दोन घोट प्यायला, तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि दुकानातल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही मीराच्या आई ना? बसा हं. ती बाजारात गेलीय, येईलच इतक्यात."

तुम्ही चहा पूर्ण प्यायलात. जिन्यात मला म्हणालात, "भावजी, हे एक वाक्य मी इतकी वर्षं मनात घोळवलं. चहा होईपर्यंतसुद्धा टिकलं नाही."

 

प्रफुल्ल


लालबाग, २४ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

तुमचं पत्र आणि रुचाच्या फोनवरून आलेला दुसरा आवाज, दोन्ही मिळालं. "तुमच्या त्या मशीनला एवढं शिकवता येतं ना? मग हे शिकवा. पहिलं शिकवलंत तसंच, विचारून विचारून." आणि आवाजात तेच, जे तुम्ही त्या दिवशी त्याला सांगितलंत.

केझियाला ऐकवलं. तिने ते पुन्हा एकदा लावून ऐकलं. मग म्हणाली, "काका, मी हे नाही करू शकत. दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळल्यासारखं होणार. पण आंटी चुकीचं काही मागत नाहीयेत, हेही मला माहितीये. तुम्ही घरी लावलंत तर मी कोण अडवणार?"

म्हणजे माझ्यावर आलं.

मी टॅबलेट दादाच्या मांडीवर ठेवायचो आणि परत उचलायचो. कधी वाटायचं, का म्हणून नाही? रुचा आजही दार जोरात लागलं की दचकते, असं तुम्ही लिहिलंय. मग याने का सुटावं? आणि मग तो बांगड्याचा काटा काढून माझ्या ताटात ठेवायचा. मारायचा तो माणूस मला सापडतच नव्हता, वहिनी. शिक्षा द्यायची तर समोर हा दुसराच बसलेला.

खेळही आता होत नाहीत. पत्त्यांच्या जोड्या लागत नाहीत, रंगीत कागदांचा पाऊस बंद झाला. चुकला की पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' येतं आणि तो पडद्याला "हो, हो" म्हणतो. 'कणकवली' पुसली गेली. खुर्ची परत गॅलरीत गेलीय.

तुम्ही सांगितलंत तसं मी केलं नाही. तुमचा आवाज त्याला ऐकवला नाही. राग आला तर तो तुमचा हक्क आहे. पण काल एक झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

दुपारी मी गॅलरीत मटार सोलत होतो. तोही सोलत होता, दाणे माझ्याकडे आणि सालं स्वतःच्या मांडीवर. म्हणाला, "मीरा अजून येवक नाय?"

बाजारात गेलीय, हे ओठांवर आलं होतं. पण नाही निघालं तोंडातून. मी म्हटलं, "ती येणार नाही, दादा."

"कित्याक?"

"तिचा नवरा तिला मारायचा. पोरीच्या देखत मारायचा. म्हणून ती पोरीला घेऊन निघून गेली."

तिचा नवरा, असं म्हणालो. 'तू' म्हणायला जीभ वळली नाही. तो भित्रेपणा माझा.

दादाच्या हातातली शेंग तशीच राहिली. बराच वेळ खालच्या रस्त्याकडे बघत होता. मला वाटलं विसरला. मग माझ्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचा संताप होता. तुमच्यावरचा नव्हे.

"बायलेर हात उगारता? पोराच्या समोर? कसलो माणूस तो?" मग आवाज खाली आणून, शेजारी ऐकतील अशा धास्तीने, "खंय रवता?"

मी म्हटलं, "इथेच."

त्याने गॅलरीभर नजर फिरवली. एकेका दारावरून, राधाबाईंच्या दारावरून, टोकाच्या बंद खोलीवरून. आपल्या दारावरून पण फिरली, तिथे थांबली नाही. मग त्याने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"मगे तिका सांग, प्रफुल्ल. हंय येव नको म्हणान सांग. तो आसा तोपर्यंत येव नको."

मी हो म्हटलं. "नक्की सांगशील मां?" त्याने परत विचारलं. मी परत हो म्हटलं, तेव्हा त्याने हात सोडला आणि शेंग सोलायला घेतली.

त्याने सांगितलेलं तुम्हाला कळवतोय.

प्रफुल्ल